डाव मोठा, आवाज बारीक

हातात जबरदस्त पानं आली की ती लपवून समोरच्याला गंडवायचा मोह कुणाला होत नाही? पोकरमध्ये याला 'स्लोप्ले' म्हणतात. सिनेमात तो भारी दिसतो. टेबलावर मात्र बहुतेक वेळा आपल्याच खिशाला कात्री लावतो.

दिवाळीत तीन पत्तीचा डाव मांडून बसलेल्या कुठल्याही घोळक्यात एक नग असतोच. त्याला ट्रेल लागलेली असते, तीन एक्के वगैरे. पण चेहरा असा, की जणू आत्ताच केटी लागल्याचा मेसेज आलाय. उसासा टाकून, 'चल, एवढी एक चाल देतो आणि उठतो,' असं म्हणत तो दहाची नोट पुढे सरकवतो. समोरचे तिघं खूश होऊन चाल वाढवत नेतात. शेवटी शो होतो तेव्हा शिव्यांचा पाऊस पडतो आणि हा पठ्ठ्या शांतपणे नोटा गोळा करतो.

पोकरवाल्यांनी या नाटकाला नाव दिलंय, स्लोप्ले. हातात मोठा डाव असताना तो नसल्यासारखं खेळायचं. पैसे लावायच्या वेळी गप्प बसायचं, वाढवायच्या वेळी नुसतं 'बरं' म्हणायचं आणि समोरच्याला आपल्या पायांनी जाळ्यात येऊ द्यायचं. हे नाटक कुणालाही जमतं. अवघड प्रश्न एकच आहे, ते करायचं कधी?

आपल्याकडे बरेच जण पोकरकडे तीन पत्तीतून येतात आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. तीन पत्तीत वाटलेली तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात. तुमची ट्रेल पहिल्या मिनिटाला भारी असेल तर विसाव्या मिनिटालाही तेवढीच भारी. शिवाय तिथे फुकट थांबता येत नाही. चाल द्या, नाहीतर पॅक करा. म्हणजे तुम्ही कितीही मिठाची गुळणी धरून बसलात तरी मधला ढीग वाढतच राहतो.

होल्डेम पोकरमध्ये या दोन्ही गोष्टी बदलतात. प्रत्येकाला दोनच पानं झाकून मिळतात. मग टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी पाच पानं उघडली जातात. आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). दोन हातातली आणि पाच मधली, अशा सातांतून सगळ्यात चांगली पाच पानं तुमची. पानं वाटून झाल्यावर आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर बोली होते. तीन पत्तीत नसलेली एक सोय इथे आहे, ती म्हणजे चेक. समोरून कुणी काही लावलेलं नसेल तर तुम्ही टेबलावर बोटं आपटून एक पैसाही न लावता पुढचं पान बघू शकता. तुम्ही बघू शकता, तसा समोरचाही बघू शकतो. स्लोप्लेची सगळी भानगड या वाक्यात आहे. तुम्ही गप्प बसलात की त्याला एक पान फुकट मिळतं, आणि त्या पानाने तुमचा 'मोठा' डाव छोटा होऊ शकतो.

आता तो प्रसिद्ध डाव, ज्याच्यामुळे स्लोप्लेला एवढं ग्लॅमर आलं. साल १९८८, लास वेगासचा बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. प्रत्येकी दहा हजार डॉलर भरून १६७ जण उतरले होते, शेवटी दोघं उरले. एक जॉनी चॅन, आदल्या वर्षीचा विजेता. टेबलावर चिप्सच्या शेजारी संत्रं ठेवणारा म्हणून त्याची ख्याती. त्या काळी पत्त्यांच्या खोल्यांमध्ये सिगारेटचा धूर कोंडलेला असायचा आणि संत्र्याच्या वासाने त्याला बरं वाटायचं. दुसरा एरिक सायडल, न्यूयॉर्कचा. मूळचा बॅकगॅमन खेळणारा, मग शेअर बाजारात ट्रेडर आणि १९८७ च्या बाजार कोसळण्यात नोकरी गेलेला. एवढी मोठी स्पर्धा तो पहिल्यांदाच खेळत होता.

शेवटच्या डावात चॅनकडे किलवरचा गुलाम आणि किलवरची नव्वी होती. सायडलकडे किलवरची राणी आणि बदामची सत्ती. फ्लॉप पडला: इस्पिकची राणी, बदामची दश्शी, चौकटची अठ्ठी.

चॅनची पानं जुळवून बघा. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. ओळीने पाच, म्हणजे स्ट्रेट. आणि नुसती स्ट्रेट नाही, तर त्या तीन पानांवर कुणालाही बनवता येईल असा सगळ्यात मोठा डाव. सायडलकडे राण्यांची जोडी, तीही मधल्या सगळ्यात मोठ्या पानाची. दोघंच खेळत असताना एवढी जोडी म्हणजे चांगलंच घबाड. सायडलचे चिप्स पुढे आले तेव्हा चॅनने वाढवलं नाही, नुसता कॉल दिला. टर्नला इस्पिकची दुर्री आली. दोघांनीही चेक केलं. रिव्हरला चौकटची छक्की. आता सायडलने विचार केला असणार की चॅनकडे काही असतं तर एव्हाना तो बोलला असता. त्याने उरलेले सगळे चिप्स पुढे ढकलले. चॅनने लगेच पानं उघडली आणि सलग दुसऱ्या वर्षी जिंकला. पहिलं बक्षीस ७ लाख डॉलर, दुसरं २ लाख ८० हजार.

दहा वर्षांनी, १९९८ मध्ये 'राउंडर्स' हा सिनेमा आला. त्यात मॅट डेमनचा नायक या डावाची टेप पुन्हा पुन्हा बघतो. चॅन स्वतःही एका छोट्या प्रसंगात दिसतो. सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही, पण नंतर पोकर शिकणाऱ्या पोरांचं ते जवळजवळ पाठ्यपुस्तक झालं. त्यातून सगळ्यांनी एकच धडा घेतला: मोठा डाव आला की गप्प बसायचं.

हा धडा अर्धवट आहे. चॅन गप्प बसला ते हातात स्ट्रेट होती म्हणून नव्हे. निदान नुसतं तेवढ्यासाठी नाही.

फ्लॉप पुन्हा बघा. इस्पिक, बदाम, चौकट. तिन्ही पानं वेगवेगळ्या रंगांची. म्हणजे एकाच रंगाची पाच पानं जमवून (तीन पत्तीत ज्याला आपण 'कलर' म्हणतो) कुणी चॅनच्या पुढे जाईल ही भीती जवळपास नव्हती. धोका होता तो उरलेल्या तीन गुलामांचा आणि तीन नव्व्यांचा. त्यातलं एखादं मध्ये पडलं असतं तर टेबलावरच ओळीने येऊ शकणारी चार पानं दिसली असती, आणि मग सायडल पैसे लावण्याऐवजी घाबरून बसला असता. मधल्या एखाद्या पानाची जोडी लागली असती तरी थोडी चिंता होती. पण समोर होता एकच माणूस. चार जण असते तर प्रत्येकाकडे काहीतरी अर्धवट जमत आलेलं असतं आणि फुकट दिलेलं एक पान चौघांपैकी कुणाच्याही कामी आलं असतं. टर्नची दुर्री पडली तेव्हा तर सायडलचा खेळ संपलेलाच होता. कॅटमधलं उरलेलं एकही पान त्याला वाचवू शकत नव्हतं. चॅनला त्याची पानं दिसत नव्हती, हे खरं. पण टेबलावर काय पडलंय ते दिसत होतं, आणि त्यावरून धोका किती ते मोजता येत होतं.

दुसरी गोष्ट, समोरचा स्वतःहून पैसे लावत होता. जो स्वतः खड्डा खणतोय त्याच्या हातातलं फावडं कशाला काढून घ्यायचं?

डेव्हिड स्क्लान्स्की यांनी 'द थिअरी ऑफ पोकर' या पुस्तकात स्लोप्लेच्या अटी फार पूर्वीच मांडून ठेवल्यात. डाव खरंच फार मोठा हवा. तुम्ही पैसे लावलेत तर समोरचे उठून जातील अशी शक्यता हवी. फुकट मिळालेल्या पानाने त्यांचा डाव सुधारावा, पण तुमच्यापेक्षा मोठा होता कामा नये. आणि मधला पॉट अजून फार फुगलेला नसावा, कारण फुगलेला पॉट आत्ताच उचललेला बरा. या अटी एकाच वेळी जुळायला लागतात. कितीदा जुळतात? फार कमी वेळा. आपण मात्र पहिली अट पुरी झाली की उरलेल्या विसरतो.

आता पैशांचं गणित. हॉस्टेलच्या खोलीत शेंगदाणे लावून खेळताय असं धरू. पॉटमध्ये १०० दाणे आहेत, तुमचा डाव मोठा आहे. दर टप्प्याला तुम्ही पॉटच्या निम्मे दाणे लावता आणि समोरचा कॉल देतो. फ्लॉपला तुमचे ५०, त्याचे ५०, पॉट २००. टर्नला शंभर-शंभर, पॉट ४००. रिव्हरला दोनशे-दोनशे, पॉट ८००. समोरच्याकडून तुम्हाला मिळाले ३५० दाणे. आता फ्लॉपला तुम्ही हुशारी करून चेक केलं, त्यानेही केलं. मग टर्नला ५० आणि रिव्हरला १००. मिळाले फक्त १५०. फुकट वाटलेल्या त्या एका चेकची किंमत २०० दाणे! कारण पॉट बेरजेने वाढत नाही, पटीत वाढतो. पहिल्या टप्प्यावर सोडलेले ५० दाणे शेवटी २०० होऊन जातात.

हीच आकडेवारी उलटी वाचा. चेक केल्याने समोरचा शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता सव्वादोन पटीहून जास्त वाढणार असेल, तरच तो चेक परवडतो. किंवा तो स्वतःच पैसे लावणार असेल तर. स्लोप्लेचं नुकसान म्हणजे 'शेवटच्या पानावर माझा घात झाला' असं आपल्याला वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. डाव जिंकूनही जे दाणे आलेच नाहीत ते कुणी मोजत नाही. जिंकलो ना, मग झालं! छोटा पॉट उचलून कॉलर ताठ करणारे असे बरेच आहेत.

एक उदाहरण, जिथे गप्प बसणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. तुमच्याकडे दोन अठ्ठ्या. फ्लॉप: बदामची दश्शी, बदामची नव्वी, किलवरची अठ्ठी. तीन अठ्ठ्या झाल्या, छाती फुगली. पण दोन बदामं पडलीत. हातात दोन बदामं असलेल्या माणसाला उरलेल्या ४७ पानांपैकी ९ पानं चालतात, आणि दोन पानं बघायला मिळाली तर सुमारे ३५ टक्के वेळा त्याचा फ्लश लागतो. तिनातून एकदा! राणी-गुलाम किंवा गुलाम-सत्ती घेऊन बसलेल्याची तर स्ट्रेट आधीच झालेली आहे. या टेबलावर लपण्यात काहीच अर्थ नाही, आणि गरजही नाही. कारण जिथे धोका जास्त, तिथेच कॉल देणारेही जास्त. फ्लशची वाट बघणारा, जोडी अधिक स्ट्रेटची आशा असणारा, मोठी जोडी दाबून बसलेला, हे सगळे आत्ता पैसे देतील. चौथं बदाम नव्हे, नुसतं तिसरं बदाम पडू द्या, मग निम्मे मागे सरतील आणि जो पुढे येईल त्याची तुम्हालाच भीती वाटेल.

आता हे बघा: तुमच्याकडे दोन राजे, फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री, तीन वेगळ्या रंगांत. कॅटमध्ये राजा उरला एकच. समोरच्याकडे असणार काय? पैसे लावलेत तर तो उठेल. इथे एक चेक शोभतो. टर्नला एक्का किंवा राणी पडून त्याची जोडी लागली तर लागू दे, तुमचं काही बिघडत नाही. डाव दोन्हीकडे तीन सारख्या पानांचाच, तरी निर्णय उलटे. बघायचं असतं ते टेबल, आपली पानं नंतर.

आणि माणूस. समोरचा सतत रेझ करणारा भिडू असेल तर त्याच्यापुढे गप्प बसा, तो तुमचंही काम करेल. पण प्रत्येक ग्रुपमध्ये दुसरा एक नमुना असतो, ज्याला कुतूहल आवरत नाही, जो 'बघू तरी काय आहे' म्हणत कशालाही कॉल देतो. त्याच्यापुढे स्लोप्ले म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. तो द्यायलाच बसलाय, तुम्ही मागा! हॉस्टेलच्या डावात हा दुसरा नमुनाच बहुसंख्य असतो. त्यामुळे तिथे स्लोप्ले जवळपास कधीच करू नये असं माझं मत आहे.

चॅनच्या डावाशेजारी ठेवून बघावा असा एक डाव त्याच स्पर्धेचा, २००३ सालचा. टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच तेच) ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेला, समोर मुरलेला सॅम फराह. ८३९ जणांतून हे दोघं उरलेले. मनीमेकरकडे चौकटची पंजी आणि इस्पिकची चव्वी. फ्लॉप: इस्पिकचा गुलाम, इस्पिकची पंजी, किलवरची चव्वी. दोन जोड्या लागल्या. फराहकडे गुलामांची जोडी. फराहने पैसे लावले आणि मनीमेकर थांबला नाही, तिथेच रेझ केलं. दोन जोड्या हा मोठा डाव असला तरी नाजूक असतो. मध्ये दोन इस्पिकं पडलेली, वर गुलाम. फराहने सगळे चिप्स ढकलले, मनीमेकरने कॉल दिला, रिव्हरला आणखी एक पंजी आली आणि २५ लाख डॉलर त्याच्या नावावर झाले. पंजी नसती आली तरी तो पुढेच होता. हा डाव सिनेमासारखा दिसत नाही. पण नवख्याने पाठ करायचा तर चॅनच्या आधी हा करावा.

मग स्लोप्ले कधीच नको का? तसंही नाही. तुम्ही चांगल्या पानांवर नेहमी पैसे लावता आणि फालतू पानांवर नेहमी चेक करता, हे दोन तासांत टेबलावरच्या सगळ्यांना कळतं. मग तुमच्या प्रत्येक चेकवर कुणीतरी तुटून पडतं. अधूनमधून एखादा राक्षस त्या चेकमागे लपलेला असला की लोक जरा दबकून राहतात. २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्रेटस नावाच्या संगणकाने चार व्यावसायिक खेळाडूंना सुमारे १ लाख २० हजार डावांत हरवलं, तेव्हा त्याच्या खेळातलं हेच मिश्रण त्यांना छळत होतं. तीच पानं, तीच परिस्थिती, पण कधी बेट, कधी चेक. अर्थात हे अशा टेबलांसाठी, जिथे समोरचा तुमच्यावर लक्ष ठेवून असतो. आपल्या टेबलावर निम्मे लोक रील बघत असतात.

जाता जाता व्यवहाराचं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, त्यात पोकरही आला. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर २१ वर्षांखालच्यांना खेळता येत नाही. म्हणजे कॉलेजात असताना शेंगदाणे, काड्या किंवा बटणं हेच चलन, आणि वरचं सगळं गणित त्यांवर तितकंच चालतं. गणितात आणखी शिरायचं असेल तर एमआयटीने पोकरच्या सिद्धांतावरची व्याख्यानं नेटवर मोफत ठेवलीयेत.

चॅन-सायडलच्या त्या टेपबद्दल एक राहिलं. आपण ती बघतो तेव्हा दोघांचीही पानं आपल्याला ठाऊक असतात, त्यामुळे चॅन जादूगार वाटतो आणि सायडल बावळट. पण रिव्हरला गुलाम पडून सायडलने मुकाट्याने चेक केलं असतं, तर हाच डाव 'चॅनने आळस केला आणि पैसे गमावले' म्हणून सांगितला गेला असता. त्याचा निर्णय तेव्हाही तितकाच चांगला असता. सायडलचं म्हणाल, तर तो त्या एका डावाचा गिऱ्हाईक म्हणून राहिला नाही. वर्ल्ड सिरीजची विजेतेपदं, ज्यांना तिकडे ब्रेसलेट म्हणतात, चॅनकडे दहा आहेत. सायडलने त्याचं दहावं २०२३ मध्ये मिळवलं.

आणि चॅन? १९८९ मध्ये तो पुन्हा शेवटच्या दोघांत होता, सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी. समोर फिल हेलम्युथ नावाचा २४ वर्षांचा पोरगा, हातात नव्व्यांची जोडी. नव्व्या म्हणजे अशी जोडी, की फ्लॉपवर एक्का, राजा, राणी काहीही पडलं तरी पोटात गोळा येतो. एकही पान फुकट दाखवायची सोय नाही. चॅनकडे इस्पिकचा एक्का आणि सत्ती. फ्लॉप पडायच्या आधीच सगळे चिप्स मध्ये गेले होते. पाचही पानं उघडली, एक्का आला नाही, सत्तीही नाही.